मूठभर धान्य, ओंजळभर माती

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी शेतीशास्त्रातली जाणकार नव्हे. तीस वर्षे शाळेत भूगोल शिकविला, एवढीच माझी पुंजी. परंतु माझी मुलगी व जावई फिलिपीन्स देशात, मनिलाच्या दक्षिणेस लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भातसंशोधन संस्थेत कामाला होती. त्यांच्याकडे २०२३ च्या जूनपासून आठ महिने राहण्याचा योग मला आला. नकाशावर काठी ठेवून 'लुझॉन, विसाया, मिंदानाओ' असे मुलींकडून घोकून घेतले होते, तो साडेसात हजारांहून अधिक बेटांचा देश मी साठी उलटल्यावर डोळ्यांनी पाहिला. तेथील शेतकऱ्यांच्या घरी काय पाहिले व त्यातून आपल्यासारख्या बायकांनी काय घ्यावे, ते आज सांगावयाचे आहे.

आरंभी एक फजितीची गोष्ट सांगते. पहिल्याच आठवड्यात मी बाजारात भाजी घ्यावयास गेले. माझे लुगडे पाहून भाजीवालीने विचारले, "बुंबाय?" मला वाटले, ही मुंबईची का म्हणून विचारीत आहे. मी मोठ्या अभिमानाने मान डोलाविली. तशी शेजारची दुसरी बाई हसू लागली आणि भाजीवाली जरा मागे सरली. घरी येऊन मुलीला सांगितले, तेव्हा उलगडा झाला. आपल्या मुंबईच्या जुन्या 'बाँबे' या नावावरून तेथे भारतातून आलेल्या कोणालाही 'बुंबाय' म्हणतात. त्यांतले पुष्कळजण मूळचे पंजाबकडचे. ते फटफटीवरून गल्लोगल्ली, खेडोपाडी फिरून उसने पैसे देतात व थोडेथोडे करून वसूल करतात. त्या धंद्याला तेथे 'फाइव्ह-सिक्स' असे नाव आहे, म्हणजे पाच घ्या आणि सहा परत करा. आपल्या शहराचे नाव परदेशी सावकाराचे नाव होऊन बसले, हे ऐकून मी खजील झाले. तेथे मोठ्या कांद्यालाही 'सिबुयास बाँबाय' म्हणतात, हे कळल्यावर मात्र थोडे बरे वाटले!

परंतु भगिनींनो, त्या सावकारालाच सगळा दोष देऊन चालणार नाही. बँक ज्या दारापर्यंत पोहोचत नाही, त्या दारापर्यंत तो पोहोचतो. कागद मागत नाही, तारण मागत नाही. आजारी मुलाला दवाखान्यात न्यावयाचे असते, त्या रात्री आईला व्याजाचा दर दिसत नाही, हातात पडणारी नोट दिसते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिच्याकडे मला परत यावयाचे आहे.

आमच्या शेजारी एक बाई राहत असत. तेथे थोरल्या बहिणीला 'आते' म्हणतात, आणि वयाने मोठ्या बाईला परकेही त्याच नावाने हाक मारतात. आपल्याकडच्या आत्याची आठवण देणारा हा शब्द मला फार गोड वाटला, म्हणून मीही त्यांना आते म्हणू लागले. त्यांची दीड हेक्टर भातशेती होती. पुरुष नांगर धरी, पण पैशाची पिशवी आतेंच्या कमरेला. त्या देशात बहुतेक घरांत ही रीतच आहे. घरातला जमाखर्च बाई पाहते, नवरा मिळकत आणून तिच्या हाती देतो. भाताविषयीचे शब्दही आपल्यासारखेच निरनिराळे. शेतातला तो 'पालाय', सडल्यावर 'बिगास' आणि शिजला म्हणजे 'कानिन'.

पावसाळी पिकाची कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरात येते. आपल्या कोकणासारखाच तोही काळ परतीच्या पावसाचा, आणि त्यात तेथे समुद्री वादळे. मळलेले भात ओले असते. ते टिकावयाचे तर त्यातला ओलावा शेकडा १४ वर आणावा लागतो. वाळवावयाचे कोठे? मी डोळ्यांनी पाहिले, डांबरी आणि सिमेंटच्या हमरस्त्याची अर्धी बाजू भाताने झाकलेली, आणि मोटारी त्याच्या कडेकडेने चाललेल्या. सर आली की बायकापोरे धावत येऊन भात गोळा करीत. दोन दिवस ऊन पडले नाही, तर भाताला मोड येतात. म्हणून शेतकरी ते ओले असतानाच बांधावर उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाने देऊन मोकळा होतो. बी आणि खताचे पैसेही बहुधा त्याच व्यापाऱ्याने आगाऊ दिलेले असतात, तेव्हा भावाची घासाघीस करावयाची कोणत्या तोंडाने?

कांद्याचीही तीच कथा. मी जाण्याच्या आधीच्या नाताळात, म्हणजे २०२२ च्या डिसेंबरात, तेथे कांदा किलोला ७०० पेसोंपर्यंत गेला होता, म्हणजे आपले हजार रुपये होतात. कोंबडीहून कांदा महाग झाला. आणि न्वेव्हा एसिहा प्रांतातल्या ज्या शेतकऱ्यांनी तो पिकविला, त्यांनी वसंतात काढणी होताच तो फार थोड्या भावाने विकून टाकला होता, कारण साठवावयास शीतगृह नव्हते. आपल्या नाशिककडच्या माणसांना हे निराळे समजावून सांगावयास नको. साठवण ज्याच्या हाती, भाव त्याच्या हाती.

आता आपण म्हणाल, यावर सहकार हाच उपाय आहे, मग त्यांनी तो का केला नाही? केला, भगिनींनो, एकदा नव्हे, अनेकदा केला. आणि मला आज जे सांगावयाचे आहे, ते त्यातच आहे.

१९५२ साली तेथील सरकारने शेतकऱ्यांना कर्ज देण्यासाठी एक मोठे खाते काढले आणि गावोगाव शेतकऱ्यांच्या खरेदी-विक्री संस्था उभ्या केल्या. कर्ज वाटले गेले, गोदामे बांधली गेली. परंतु पुष्कळ ठिकाणी संस्था म्हणजे सरकारी पैसे मिळण्याची खिडकी, असाच लोकांचा समज झाला. थकबाकी डोंगरासारखी वाढली आणि दहा-बारा वर्षांत त्या खात्याची फेरमांडणी करावी लागली. पुढे १९७२ साली राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी भात व मका पिकविणाऱ्या कुळांना जमीन देण्याचा हुकूम काढला. त्यात अट अशी की, सहकारी संस्थेचा सभासद झाल्याखेरीज कुळाला जमिनीचा कागद मिळणार नाही. लोक सभासद झाले हो, पण ते संस्थेसाठी नव्हे, कागदासाठी! सरकारने गावोगाव काढलेल्या त्या संस्थांपैकी फार थोड्या जगल्या.

नारळाची गोष्ट याहूनही कडू आहे. १९७१ पासून पुढे दहाबारा वर्षे, शेतकरी खोबरे विकी तेव्हा त्यातून एक पट्टी कापली जात असे. तुमच्याच भल्यासाठी, तुमच्याच बँकेसाठी, असे सांगितले जाई. त्या पैशातून बँक घेतली गेली, मोठमोठ्या कंपन्यांचे भाग घेतले गेले, पण कारभार मार्कोस यांच्या निकटच्या माणसांच्या हाती राहिला. मार्कोस यांची सत्ता १९८६ मध्ये गेली. खटले चालत राहिले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली त्यातला एक मोठा हिस्सा नारळ-शेतकऱ्यांच्या हितासाठी सरकारकडे सोपविला, आणि त्या पैशाचा विश्वस्त निधी करण्याचा कायदा व्हावयास २०२१ साल उजाडले. ज्यांच्या खोबऱ्यातून पैसे कापले, त्यांतले कितीतरी तोवर देवाघरी गेले होते. नाव शेतकऱ्याचे आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, असा हा सहकार.

याच्या उलट एक उदाहरण सांगते. बातांगास शहराजवळ सोरोसोरो इबाबा नावाचे गाव आहे. १९६९ साली तेथील ५९ शेतकऱ्यांनी मिळून ११,८०० पेसो जमविले. हिशेब करून पाहा, माणशी दोनशे पेसो झाले. त्यांतून त्यांनी एक लहानसे दुकान घातले. डुकरे व कोंबड्या पाळणाऱ्या त्या लोकांना पशुखाद्य लागे, ते एकत्र आणून विकावे, एवढाच आरंभ. पुढे त्यांनी स्वतःचा पशुखाद्याचा कारखाना काढला, आणि आज ती संस्था त्या देशातल्या मोठ्या शेतकी सहकारी संस्थांत गणली जाते. तेथे कोणी हुकूम काढला नव्हता. ज्याचे दोनशे पेसो गेले, तो रोज दुकानावरून जाताना आत डोकावून पाही.

आपल्या देशाशीही याचे एक जुने नाते आहे. फिलिपीन्सचे राष्ट्राध्यक्ष मॅगसेसे १९५७ साली विमान-अपघातात गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९५८ मध्ये पहिल्याने दिला गेला, तेव्हा आपल्या विनोबांना तो मिळाला. आणि १९६३ साली त्रिभुवनदास पटेल, व्हर्गीस कुरियन आणि मुंबईच्या दूधयोजनेचे दारा खुरोडी यांना तो मिळाला. गावच्या गवळणींचे दूध संस्थेत जमते आणि आरेच्या बाटलीतून शहरात येते, ही गोष्ट मनिलाच्या लोकांना तेव्हाही मोलाची वाटली होती.

आता आतेंच्या संस्थेकडे वळते. साठसत्तर सभासदांची लहानशीच संस्था ती. तेथील कायद्याने पंधरा माणसे जमली की संस्था काढता येते, मात्र सभासद होण्यापूर्वी सहकाराचा छोटा वर्ग पुरा करावा लागतो. या संस्थेने भागभांडवल जमवून भात वाळविण्याचे एक यंत्र घेतले. सभासदाने ओले भात आणावे, संस्थेने ते वाळवून एकदम गिरणीला विकावे आणि आठ दिवसांनी पैसे द्यावेत, अशी व्यवस्था. भाव व्यापाऱ्यापेक्षा बरा मिळू लागला. पण एका वादळाच्या वर्षी संस्था बुडता बुडता वाचली, आणि बुडविणाऱ्यांत, आतेंनी मला आपण होऊन सांगितले, त्या स्वतः होत्या.

त्या वर्षी त्यांचा धाकटा मुलगा डेंग्यूने आजारी पडला. दवाखान्यात अनामत रक्कम भरावयाची होती. संस्थेचे पैसे आठ दिवसांनी मिळणार. रात्री व्यापाऱ्याचा माणूस दारात रोख रक्कम घेऊन उभा राहिला. आतेंनी संस्थेला कबूल केलेली वीस पोती त्याला देऊन टाकली. आणखी पाच-सहा घरांनीही तसेच केले. सकाळी गिरणीची मालमोटार आली आणि अर्धी रिकामी परत गेली. गिरणीवाला म्हणाला, पुढच्या वर्षी तुमचा भरवसा मी धरणार नाही.

मग सभा झाली. आरडाओरडा झाला. यांना काढून टाका, असे पुष्कळजण म्हणाले. संस्थेच्या खजिनदार एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांनी प्रत्येकीला उभे करून एकच प्रश्न विचारला, "का विकलेस?" कोणाचे आजारपण निघाले, कोणाची शाळेची फी, एका घरात मयत. लोभाने विकणारा एखादाच निघाला. तेव्हा त्या बाई म्हणाल्या, दोष यांचा आहेच, पण आपल्या संस्थेचे दार रात्री बंद असते आणि व्यापाऱ्याचे उघडे असते, हा दोष कोणाचा?

त्या सभेत तीन गोष्टी ठरल्या. भात मापले त्याच दिवशी निम्मी रक्कम हातात द्यावयाची. दर पोत्यामागे एक डबा भात अडचणीच्या पेटीसाठी बाजूला काढावयाचे आणि रात्रीअपरात्री निकड पडल्यास त्यातून बिनव्याजी उचल द्यावयाची. आणि संस्थेचा जमाखर्च दर आठवड्याला फळ्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल असा लिहावयाचा. आतेंनी वीस पोती दोन हंगामांत भरून दिली, वर एक पोते जास्त दिले. मला त्या म्हणाल्या, "मला काढून टाकले असते, तर मी जन्माची त्या व्यापाऱ्याची झाले असते."

भगिनींनो, तो एक डबा भात ऐकून मला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडाची आठवण झाली. आपल्याकडच्या आयाबायांनी दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढले आणि त्यावर गरिबांच्या मुलांची वसतिगृहे चालली. मूठ लहानच असते, पण ती स्वतःची असते.

आता मातीविषयी. हा विषय निराळा वाटेल, पण तो निराळा नाही.

त्याच लॉस बान्योसच्या संस्थेने १९६६ साली 'आयआर-८' नावाचे बुटके, भरघोस पीक देणारे भात बाहेर काढले. त्याने पुष्कळ देशांची भूक भागली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु त्याला खत, पाणी व औषध यांची जोड लागे. १९७३ मध्ये तेथील सरकारने 'मासागाना ९९' ही मोहीम काढली. हेक्टरी ९९ पोती भात काढावयाचे आणि त्यासाठी बी, खते व औषधे यांना बिनतारणी कर्ज द्यावयाचे. काही वर्षे तांदूळ उदंड झाला. मग कर्जे थकली, ग्रामीण बँका अडचणीत आल्या. फवारणीने किडीबरोबर किडीला खाणारे कोळी व चतुरही मेले, आणि तुडतुड्यांचा उपद्रव उलट वाढला. १९९३ मध्ये त्याच संस्थेतून झालेल्या एका अभ्यासाने दाखविले की, फवारणाऱ्याच्या आजारपणाचा खर्च हिशेबात धरला, तर फवारणी करण्यापेक्षा ती न करणे स्वस्त पडते. आम्हा बायकांना यात नवल नाही. औषधपाण्याचा खर्च नेहमी आमच्याच वहीत लिहिला जातो, शेताच्या वहीत नाही!

म्हणून १९८५-८६ च्या सुमारास तेथील काही शेतकरी व शास्त्रज्ञ एकत्र आले आणि त्यांनी 'मासिपाग' ही संघटना काढली. त्यांची रीत साधी आहे. गावातल्या एका तुकड्यावर पन्नासाच्या आसपास भाताचे वाण शेजारी शेजारी लावावयाचे, आणि आपल्या मातीला कोणते मानवते ते शेतकऱ्यांनीच पाहून निवडावयाचे. बी विकत घ्यावयाचे नाही, एकमेकांस द्यावयाचे. पेंढा जाळावयाचा नाही, तो कुजवून शेतातच परत घालावयाचा. या संघटनेने २००९ साली ८४० शेतकऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत सेंद्रिय शेती करणाऱ्यांचे भाताचे उत्पन्न रासायनिक शेतीवाल्यांच्या जवळपास बरोबरीचे निघाले, पण खर्च कमी, कर्ज कमी आणि ताटात खाण्याचे जिन्नस अधिक निघाले. पाहणी त्यांची स्वतःची आहे, हे ध्यानात ठेवूनही ती विचार करण्याजोगी आहे. मातीला पुन्हा जीव देणाऱ्या या शेतीला हल्ली 'रीजनरेटिव्ह' शेती असे मोठे नाव मिळाले आहे.

आतेंनी पेंढा जाळणे बंद केले ते संस्थेच्या सांगण्यावरून. पण सगळ्या शेतात नव्हे. खजिनदारबाईंनी बजावले होते, पहिल्या हंगामात पीक कमी येईल, तेव्हा एका कोपऱ्यापासून आरंभ करा आणि घरचे खाणे धोक्यात घालू नका. पेंढा, रेड्याचे शेण आणि खाचरात वाढणारे अझोला नावाचे पाणशेवाळासारखे नेचे, एवढेच त्यांचे खत. तिसऱ्या हंगामात त्या कोपऱ्यातली माती हातात घेतली, तेव्हा तिला गांडुळांचा वास येत होता, असे त्या सांगत. मला त्यांनी ती ओंजळीत दिली होती.

पाण्याचीही एक युक्ती तेथे पाहिली. वीत-दीड वीत लांबीची भोके पाडलेली नळी खाचरात पुरतात. नळीतले पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर गेले, म्हणजे मगच पुन्हा पाणी सोडावयाचे. फुलोऱ्याच्या वेळी मात्र खाचर कोरडे पडू द्यावयाचे नाही. पंपाच्या पाण्यावर चालणाऱ्या सहकारी संस्थांनी २००२ च्या सुमारास तारलाक प्रांतात हे करून पाहिले. पाण्याची व तेलाची बचत होते, पीक घटत नाही आणि खाचरातून उठणारा मिथेन वायूही बराच कमी होतो. पण एकट्याने नळी पुरून भागत नाही. वरच्याने पाणी सोडून दिले नाही, तर खालच्याला पोहोचणार कसे? पाण्याची बचत हीसुद्धा सहकाराचीच गोष्ट आहे.

आणि डोंगरउतारावरची गोष्ट तर माझ्या माहेरच्या कोकणची आठवण करून देणारी. मिंदानाओ बेटावर बान्सालान गावाजवळ हॅरॉल्ड वॉटसन या अमेरिकन मिशनऱ्याने तेथल्या शेतकऱ्यांना बरोबर घेऊन १९७० नंतरच्या दशकात एक पद्धत बसविली. त्याबद्दल १९८५ चा मॅगसेसे पुरस्कार त्याला मिळाला. उतारावर दर चार-पाच मीटरांवर, समपातळीच्या रेषेत, शेंगवर्गी झाडांचे दाट कुंपण लावावयाचे. ती झाडे महिना-दीड महिन्याने छाटून पाला मधल्या पट्ट्यांत पसरावयाचा. धुपून येणारी माती कुंपणाशी अडते आणि वर्षावर्षाला आपोआप पायऱ्या तयार होतात. मधल्या काही पट्ट्यांत कॉफी, कोको, केळी, आणि बाकीच्यांत मका व कडधान्ये आलटूनपालटून.

समपातळीची रेषा काढावयास यंत्र लागत नाही. बांबूच्या तीन काठ्यांची 'अ' सारखी तिकाटी करावयाची, वरून दोरीला दगड लोंबता सोडावयाचा. दोरी मधल्या खुणेवर स्थिर झाली की दोन्ही पाय एका पातळीवर आले. मी स्वतः धरून पाहिली. कणा मोडेल असे काम नाही, दहा वर्षांची मुलगीही करील.

यात चूकही झाली होती. आरंभी सगळ्यांनी इपिल-इपिल हे एकच झाड लावले, म्हणजे आपली सुबाभूळ. १९८५ च्या सुमारास तिच्यावर एक बारीक कीड आली आणि कुंपणेच्या कुंपणे वाळली. तेव्हापासून निरनिराळी झाडे मिसळून लावतात. त्यांत 'काकावाते' असते, आपल्याकडे भातखाचरांच्या बांधावर लावतात ती गिरिपुष्प. पुष्कळ शेतकऱ्यांना छाटणीची मजुरी झेपेना. तेव्हा क्लावेरिया भागातल्या शेतकऱ्यांनी त्याहून सोपे केले. समपातळीवर हात-दीड हात रुंदीची पट्टी नांगरावयाचीच नाही, तेथे गवत वाढू द्यावयाचे. १९९६ पासून तेथे शेतकऱ्यांची मंडळे निघाली आणि एकाने दुसऱ्याला शिकवीत ही रीत पसरली.

सगळे गोड झाले, असे मात्र मी म्हणणार नाही. २०१९ साली तांदळाची आयात मोकळी करणारा कायदा तेथे झाला. भाताचा भाव किलोला सुमारे २० पेसोंवरून १६ च्याही खाली आला. शहरातल्या बाईला तांदूळ स्वस्त हवा आणि खेड्यातल्या बाईला भाताला भाव हवा, हा झगडा कोणत्याही लहान संस्थेला एकटीने सुटणारा नाही. त्या कायद्याबरोबर संस्थांना यंत्रे देण्याचा निधीही आला. तेव्हा केवळ यंत्रासाठी काढलेल्या संस्थांचे पुढे काय होईल, याची चिंता आतेंच्या खजिनदारबाईंना वाटे.

त्यांची चिंता मला कळली, कारण हा अपराध मी स्वतः केला आहे. पूर्वी आम्ही जेथे राहत होतो, तेथे बायकांची एक उत्पादक संस्था निघाली आणि मी तिची चिटणीस होते. अनुदान मिळणार, म्हणून आम्ही ती काढली. भागाचे पैसे नावापुरते, तेही काहींचे मीच भरले. पापडाचे यंत्र आले, फोटो निघाले. तीन वर्षांत यंत्र गंजले आणि कुलूप लागले. ज्यांनी काही घातले नव्हते, त्यांना काही गेल्याचे दुःखही झाले नाही. दोष देणाऱ्याचा नव्हता, आमचा होता.

आज आपल्या कार्यवाहबाईंनी अहवालात सांगितले की, येत्या वर्षी मंडळाची गृहोद्योग संस्था काढण्याचा विचार आहे आणि त्यासाठी मदतीचे आश्वासनही मिळाले आहे. मला आनंद आहे. पण माझी हात जोडून तीन गोष्टींची विनंती आहे. मदत येण्यापूर्वी वर्षभर आपण आपली मूठ बाजूला काढू या, मग ती दहा रुपयांची का असेना. दुसरे, अडचणीची पेटी पहिल्या दिवसापासून ठेवू या, म्हणजे कोणा भगिनीला रात्री दुसऱ्याच्या दारात जावे लागणार नाही, आणि चुकली तर तिला काढून टाकण्यापूर्वी 'का' म्हणून विचारू या. आणि तिसरे, वर्षाचा तांदूळ आपण सगळ्याजणी घेतोच. तो आपल्याच तालुक्यातल्या, पेंढा व पाचोळा न जाळता माती राखणाऱ्या बायकांच्या गटाकडून, थोडी रक्कम आगाऊ देऊन, एकत्र घेऊ या. त्यांचे भात ओले असताना विकावे लागणार नाही आणि आपल्याला आपले अन्न कोणत्या मातीतून आले, ते कळेल.

निघताना आतेंनी मला शेराच्या मापाने तांदूळ दिला. मी म्हटले, "आते, आता तरी मला बुंबाय म्हणणार नाही ना?" त्या हसून म्हणाल्या, "म्हणेन. पण तू पाच नेलेस आणि सहा मागितले नाहीस, हेही सांगेन."